सांदवाडीत कासव निघालं तर

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की दोन-चार दिवसांत कुणाचा तरी फोन येतोच. मागच्या वर्षी शेजारच्या वहिनींचा आला, सकाळी साडेसहाला. "भाऊ, आमच्या मोरीपाशी कासव येऊन बसलं. पोट्टे त्याले हात लावून राहिले. या ना लवकर."

गेलो तेव्हा कासवावर टोपलं पालथं घातलेलं, वर दोन विटा ठेवलेल्या. बाजूला पोळीचे तुकडे आणि पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली तयार. घरातल्या मोठ्या काकाजींचं ठरलं होतं, "याले विहिरीत सोडून देऊ, पाणी साफ राहते." मी म्हटलं, "काकाजी, दहा मिनिटं थांबा. टोपलं काढू, कुत्रं बांधू आणि सगळे ओसरीवर बसू."

टोपलं काढलं. जेवणाच्या ताटाहून जरा लहान, शेवाळी-तपकिरी रंगाचं कासव. पाठ टणक खवल्यांची नव्हती, ओल्या चामड्यासारखी गुळगुळीत होती. डोकं आत, पुढचे पाय आत, पुढची झडप घट्ट मिटलेली. मागच्या पायांवरही दोन चामडी पडदे ओढलेले. पाच-सहा मिनिटं काहीच झालं नाही. मग झडप बोटभर उघडली आणि दोन भोकांची, नळीसारखी छोटी सोंड बाहेर आली. तिनं हवा हुंगली. मागून डोळे आले, मग लांबच लांब मान. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि कुंपणाखालच्या फटीकडे चालू लागलं. फटीपलीकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध आहे, धुऱ्याखाली बोडी, म्हणजे छोटं तळं. ते तिकडेच निघालं होतं, मोरी फक्त वाटेत आली होती.

सांदवाडीत म्हणजे घरामागच्या परसात, अंगणात, रस्त्यावर किंवा बांधीत म्हणजे धानाच्या खाचरात कासव दिसलं तर काय करायचं ते क्रमानं लिहितो. दरवर्षी चांगल्या मनाची माणसं मदत करायला जातात आणि त्या मदतीनंच कासव मरतं. ते थांबावं एवढ्यासाठी हे लिहिणं.

आधी दहा मिनिटं काहीच करू नका

पहिलं पाऊल हेच, आणि सगळ्यात अवघडही हेच. कासव दिसलं की हात आपोआप पुढे जातो. तो आवरा. कुत्रं असेल तर बांधा, लहान मुलांना ओसरीवर बसवा, कोंबड्या हाकला. सात-आठ हातांवरून पाहत राहा आणि डोक्यात तीन गोष्टी टिपून ठेवा: कासवाचं तोंड कोणत्या दिशेला आहे, चारही पाय टाकतं का, अंगावर रक्त किंवा चीर दिसते का.

चालणाऱ्या, धडधाकट कासवाला आपली गरज नसते. ते हरवलेलं नसतं, भुकेलेलं नसतं, उन्हाळ्यात पाण्यावाचून तडफडत तुमच्या दारी आलेलंही नसतं. आपल्याकडचं झडपेचं कासव उन्हाळ्यात बोडी आटली की चिखलात, बांधाच्या मातीत स्वतःला गाडून घेतं आणि पाऊस पडेपर्यंत निपचित पडून राहतं. पहिल्या सरींनी माती मऊ झाली की वर येतं आणि पाण्याच्या शोधात निघतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तर तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव, त्यांच्याखालच्या बोड्या, बोड्यांखालच्या धानाच्या बांध्या. पाणी असं पायरी-पायरीनं उतरत जातं आणि कासवंही त्याच वाटेनं हिंडतात. त्या वाटेत आपण घर बांधलं, भिंत घातली, डांबरी रस्ता केला. म्हणून ते मोरीपाशी सापडतं.

फाटक उघडं ठेवा, कुंपणाखाली वाट करून द्या. बहुतेक वेळा अर्ध्या तासात अंगण मोकळं होतं आणि हा लेख तुमच्यासाठी इथंच संपतो.

कोणतं कासव आहे ते ओळखा

पुढचा प्रत्येक निर्णय याच्यावर ठरतो, म्हणून इथं घाई नको. हात न लावता पाय आणि पाठ पाहा.

पाठ गुळगुळीत, चामड्यासारखी, नाक नळीसारखं पुढे आलेलं, बोटांमध्ये पडदा, प्रत्येक पायाला तीन नखं. हे झडपेचं कासव, इंग्रजीत फ्लॅपशेल. विदर्भातल्या गावाजवळ, शेताजवळ बहुधा हेच भेटतं. ते पाण्यातलं आहे, अधूनमधून जमिनीवरून चालतं. बेडूक, गोगलगायी, मासे, किडे, मेलेली जनावरं, पाणवनस्पती असं सगळं खातं, म्हणजे तलावाची झाडलोट करणारा जीव.

पाठ कडक, काळसर आणि तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या तीन उभ्या कडा असतील तर ते काळं कासव. तेही पाण्याजवळचंच. याचे पाय पडदा असलेले असतात.

पाठ घुमटासारखी उंच, काळ्या रंगावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या आणि पाय हत्तीसारखे जाड, खांबासारखे. हे तारांकित कासव, म्हणजे स्टार टॉरटॉइज. हे पूर्णपणे जमिनीवरचं, गवत-पाला खाणारं. याला पोहता येत नाही. "बिचारं पाण्यावाचून तडफडतंय" म्हणून कुणी तलावात टाकलं तर ते बुडून मरतं. लोक हे चोरून विकत घेतात आणि कंटाळा आला की सोडून देतात, त्यामुळे गावात सापडलेलं तारांकित कासव कुणाच्या तरी घरून आलेलं असण्याची शक्यता मोठी. २०१९ मध्ये या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली, ती याच चोरट्या धंद्यामुळे. असं कासव दिसलं तर सोडू नका, थेट वन विभागाला फोन करा.

डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं हिरवं कासव दिसलं तर ते अमेरिकेतून पाळण्यासाठी आलेलं रेड-इअर्ड स्लायडर. शहरातली माणसं काचेच्या पेटीतलं कासव मोठं झालं की गावच्या तलावात आणून सोडतात. हे तलावात जाऊ देऊ नका. आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन शेकायच्या जागा ते बळकावतं. यासाठीही फोन वन विभागालाच.

मोबाईलवर पोट्टे जे व्हिडिओ पाहतात त्यांत "बॉक्स टर्टल" हे नाव फार येतं. ते उत्तर अमेरिकेतलं, रानात आणि गवतात राहणारं कासव. पोटाचं कवच बिजागरीसारखं वर उचलून डबा मिटावा तसं ते स्वतःला पूर्ण बंद करून घेतं, म्हणून ते नाव. आपलं झडपेचं कासवही मिटून बसतं, त्यामुळे लोकांना ते तेच वाटतं. मग त्या व्हिडिओतलं पाहून आपल्या कासवापुढे स्ट्रॉबेरी आणि मश्रूम ठेवतात, उथळ ताटलीत पाणी ठेवतात, माती भरलेल्या खोक्यात बसवतात. हे सगळं आपल्या कासवाच्या उपयोगाचं नाही. मात्र तिकडचा एक नियम इथं जसाच्या तसा लागू पडतो. बॉक्स टर्टल सगळं आयुष्य सहसा काही एकरांच्या आतच काढतं, आणि दूर नेऊन सोडलं तर जुन्या जागेच्या शोधात भटकत राहतं, रस्त्यांवर मरतं. म्हणून तिकडे सांगतात: जिथं सापडलं तिथंच, जिकडे तोंड होतं तिकडेच.

उचलावंच लागलं तर

कासव डांबरी रस्त्यावर आहे, मळणीच्या जागी आहे, ट्रॅक्टर चिखलणीला निघालाय, आसपास मोकाट कुत्री आहेत. अशा वेळी उचलावं लागतं. त्याची रीत आहे.

झडपेच्या कासवाची मान तुमच्या अंदाजापेक्षा बरीच लांब असते आणि ती झटक्यात मागं वळते. चावा चांगलाच लागतो. म्हणून पुढून किंवा मधोमध धरू नका. मागच्या बाजूनं या, दोन्ही हातांनी कवचाच्या मागच्या अर्ध्या भागाला दोन्ही कडांनी धरा, बोटं पोटाखाली आणि अंगठे पाठीवर. जमिनीपासून वीतभरच वर उचला, म्हणजे पाय झाडून हातातून सुटलं तरी उंचावरून पडणार नाही. कासव पाट्यासारखं आडवंच ठेवा. उलटं करू नका: त्याची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात, उलटं केलं की आतडी आणि बाकी अवयव त्यांच्यावर दाबले जातात आणि श्वास कोंडतो. शेपटीला धरून तर कधीच उचलू नका, मणका निखळतो.

हातानं धरायची भीती वाटत असेल तर पसरट फावडं किंवा जुनं सूप जमिनीला टेकवून कासवाखाली सरकवा. ओलं पोतं अंगावर टाकून पोत्यासकट उचललं तरी चालतं. डोळ्यांवर अंधार आला की ते शांत होतं. उचलल्यावर मागून पाण्याची धार सुटली तर दचकून टाकून देऊ नका. ते भ्यालेलं असतं. एरवी हेच पाणी त्याच्या अंगातला साठा असतो, म्हणूनही गरज नसताना उचलायचं नाही.

रस्त्यावर असेल तर आधी स्वतःचा जीव. साकोली-लाखनीकडून जाणाऱ्या महामार्ग ५३ वर ट्रक कसे धावतात ते मी सांगायला नको. गाडी कच्च्या साइडपट्टीवर उतरवा, इंडिकेटर चालू ठेवा, वळणावर किंवा पुलावर थांबू नका. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की कासव उचला आणि ज्या दिशेला ते चाललं होतं त्याच बाजूला, डांबरापासून पंधरा-वीस पावलं आत ठेवा. पलीकडे कोरडं माळरान दिसतं आणि अलीकडे सुंदर तलाव, म्हणून परत तलावाकडे वळवू नका. ते कदाचित अंडी घालायला माळाकडे निघालेली मादी असते. परत वळवली तर ती तासाभरानं पुन्हा तोच रस्ता ओलांडायला येते.

घराजवळच्या कासवाला हलवायचं असेल तर ते जिकडे निघालं होतं त्या बाजूच्या, चालत पाच-सात मिनिटांत पोचता येईल अशा जवळच्या पाण्याजवळ न्या. पाण्यात फेकू नका. काठावर, पाण्यापासून चार हात अलीकडे, सावलीत ठेवून मागं व्हा. ते स्वतः उतरतं. सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर हे करा. वैशाखातल्या किंवा पाऊस लांबल्यावरच्या दुपारी तापलेल्या मातीवर ठेवलेलं कासव काही मिनिटांत भाजून निघतं.

जिथं सोडायचं नाही

विहीर. ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे, वडीलधारी माणसं मनापासून मानतात आणि ते मायेनंच करतात. पण बांधीव विहिरीला वर यायला उतार नसतो, अंग शेकायला ऊन नसतं, अंडी घालायला माती नसते. तिथं कासव वर्षानुवर्षं जगतं खरं, पण ते एकट्यानं काढलेले दिवस असतात आणि त्याचा वंश तिथंच संपतो. त्या दिवशी काकाजींना मी एवढंच विचारलं, "काकाजी, या विहिरीतून त्याले बाहेर यायला कुठून वाट आहे?" ते काठाशी जाऊन खाली वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "नाही बा, वाट तं नाही."

प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळंही नको. २०१६ पासून "मागेल त्याला शेततळे" योजनेत गावोगाव तळी झाली. पाणी टिकलं हे चांगलंच झालं, पण कागद लावलेल्या तळ्याच्या बाजू इतक्या गुळगुळीत असतात की आत पडलेलं कासव, साप, मुंगूस, कधी हरणाचं पाडससुद्धा बाहेर येऊ शकत नाही. त्यावरचा उपाय पुढे सांगतो.

दूरची मोठी नदी, धरण, अभयारण्य, देवस्थानचं कुंड, यांतलं काहीही नको. "वैनगंगेत सोडून आलो, मोठं पाणी आहे" असं कौतुकानं सांगणारे भेटतात. बोडीतल्या कासवाला तिथली वाट, लपायच्या जागा, खाणं काहीच ठाऊक नसतं, आणि एका पाण्यातला आजार दुसऱ्या पाण्यात पोचतो तो वेगळाच.

जखमी असेल तर

इथं मात्र लगेच हालचाल करायची. पुढीलपैकी काहीही दिसलं तर कासव सोडू नका: कवचाला चीर किंवा तुटलेला तुकडा, रक्त, जखमेत अळ्या, तोंडातून बाहेर आलेला गळ किंवा दोरा, पायात रुतलेलं नायलॉनचं जाळं, सुजून मिटलेले डोळे, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून घेतलेला श्वास, पाण्यात एका अंगावर कलंडून तरंगणं, किंवा कुत्र्याच्या दाताची एवढीशी खूण. कुत्र्याचा दात बाहेरून छोटा दिसतो, पण जखम आत खोल जाते.

कवच म्हणजे अंगावर घातलेलं चिलखत असं आपल्याला वाटतं. तसं नाही. कासवाच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच कवचाला जोडलेले असतात. त्यात रक्त वाहतं, त्याला स्पर्श कळतो, वेदना कळते. कवच फुटलं म्हणजे हाड मोडलं. आणि कासव इतकं सावकाश मरतं की आपण ते ठीक आहे असं समजतो. तडा गेलेलं कासव चार दिवस चालत असतं आणि पाचव्या दिवशी मरतं.

काय करायचं ते असं. प्लास्टिकचा रुंद टब किंवा मजबूत खोकं घ्या, झाकणाला हवेसाठी भोकं पाडा. तळाशी ओलं करून पिळलेलं गोणपाट घाला. टबात पाणी भरू नका. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं, अशक्त झालेलं कासव चार बोटं पाण्यातही मान वर न करता आल्यानं बुडतं. जखमेत माती असेल तर मेडिकलमधली सलाइनची बाटली आणून तिनं हलकेच धुवा आणि वरून स्वच्छ सुती कापड ठेवा. तुटलेला कवचाचा तुकडा जवळ पडलेला असेल तर तोही ओल्या कापडात गुंडाळून सोबत द्या, डॉक्टर कधी कधी तो पुन्हा बसवू शकतात. खोकं घरातल्या थंड, अंधाऱ्या, निवांत कोपऱ्यात ठेवा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नका.

न करायच्या गोष्टींची यादी मोठी आहे आणि ती मी जिव्हारी लागलेल्या अनुभवातून सांगतो. हळद-तेल भरू नका, जंतू आत कोंडले जातात. फेविक्विक, एम-सील, कौलं जोडायचा सिमेंट यांनी चीर बुजवू नका. गळ ओढून काढू नका, दोरा तोंडापासून वीतभर अंतर ठेवून कापा. जाळं कात्रीनं कापा, पण कातडीत रुतलेला धागा तसाच राहू द्या. दूध, भात, बिस्किट काहीही खाऊ घालू नका.

आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. गुरांच्या गोचिडांवर, जंतांवर देतात ते आयव्हरमेक्टिन प्रत्येक गोठ्याच्या फळीवर असतं. जखमेतल्या अळ्या पाहून ते द्यायचा मोह होतो. कासवाला आयव्हरमेक्टिन विषासारखं आहे, थोड्या मात्रेतही लकवा होऊन मरतं. काही वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या चाकानं कड फुटलेलं एक कासव माझ्यापर्यंत पोचलं होतं. जखम भरून येण्यासारखी होती. पण आदल्या रात्री कुणीतरी मदत म्हणून गुरांचं तेच इंजेक्शन टोचलं होतं. त्याचे पाय लुळे पडले होते, मान टबाच्या तळाला टेकलेली. दुपारपर्यंत गेलं. ज्यानं टोचलं तो पोरगा माझ्यासमोर रडला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुम्ही सांगा.

फोन कुणाला

महाराष्ट्र वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६, "हॅलो फॉरेस्ट". कासव कोणतं वाटतं, कुठं सापडलं, गाव, तालुका, जखम कशी, एवढं सलग सांगा. गावच्या वनरक्षकाचा नंबर बहुतेकांकडे असतोच, पावसाळा लागण्याआधी तो पोलीस पाटील आणि सरपंचांकडेही आहे ना ते पाहून ठेवा. रात्रीची वेळ असेल आणि कुणी कासव पकडून नेताना दिसलं तर ११२. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जखमी कासव तिथं पाठवायचं की जवळच्या पशुवैद्यकाकडे, हे वन विभाग ठरवतो. स्वतःच मोटारसायकलवर पिशवीत घालून निघू नका, त्यांना सांगून आणि त्यांच्या परवानगीनं न्या.

सापडल्या जागेचा फोटो काढा आणि मोबाईलमध्ये ठिकाण साठवून ठेवा. बरं झाल्यावर त्याला तिथंच परत आणायचं असतं आणि ती जागा तुमच्याशिवाय कुणाला माहीत नसते. पण हाच फोटो गावाच्या किंवा तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जागेसकट टाकू नका. खाण्यासाठी आणि विकण्यासाठी कासवं शोधणारे त्याच ग्रुपवर असतात.

कायदा थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये झडपेचं कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तारांकित कासवही त्याच यादीत आलं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडणं, मारणं, विकणं यासाठी कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. असा प्राणी ताब्यात आला तर कलम ३९ प्रमाणे अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. फोन केल्यानं आपल्यावरच केस होईल अशी भीती गावात असते. अडचण होते ती न कळवता घरी ठेवल्यानं.

"दोन दिवस ठेवू द्या ना, पोट्टे खेळतील"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. मुलांचा जीव जडतो हे समजतं, पण नाही. कायद्याचं तर वर आलंच, शिवाय कासवाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. ते स्वतः आजारी दिसत नाही, पण लहान मुलाला त्यातून जोराची हगवण आणि ताप येतो. याच कारणानं अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे. कासवाला हात लागला तर कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, आणि टब स्वयंपाकघरात किंवा भांडी घासायच्या जागी धुऊ नका. मुलांना ओसरीवरून बघू द्या, वहीत चित्र काढू द्या. वहिनींच्या पोरीनं काढलेल्या चित्रात तिन्ही नखं बरोबर आली होती.

नखांवरून आठवलं. वीस-एकवीस नखांचं कासव घरात ठेवलं की पैशाचा पाऊस पडतो, असं सांगून फसवणारे आपल्या भागात फिरतात आणि कर्ज झालेला माणूस त्यांच्या नादी लागतो. झडपेच्या कासवाला एका पायाला तीन, म्हणजे एकूण बाराच नखं असतात. असं कुणी विचारत आलं तर १९२६ ला कळवा. अशा फसवणुकीसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे.

अंडी किंवा पिल्लं सापडली तर

परसात वाफा खणताना, धुरा नीट करताना पांढरी, गोल, कडक कवचाची अंडी निघाली, पिंगपाँगच्या चेंडूपेक्षा जरा लहान, तर ती कासवाची असू शकतात. साप आणि घोरपडीची अंडी लांबट आणि चामड्यासारखी मऊ असतात. कुदळ तिथंच थांबवा. अंडी हलवू नका, फिरवू नका. घातल्यानंतर लवकरच आतला गर्भ अंड्याच्या वरच्या बाजूला चिकटतो, नंतर अंडं उलटलं तर तो गुदमरतो. कोंबडीखाली ठेवायचा प्रयोगही नको, कोंबडी अंडी फिरवते. होती तशी माती परत टाका, हलक्या हातानं दाबा, चार खुंट्या रोवून वर बाभळीचे काटे ठेवा, म्हणजे कुत्री आणि रानडुकरं उकरणार नाहीत. जेसीबी उभा आहे आणि जागा वाचवताच येत नाही अशी वेळ आली तर काम थांबवून वन विभागाला बोलवा.

कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते, अशी उपमा आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकतो. उपमा म्हणून ती माझ्याही मनात घर करून आहे. पण प्रत्यक्षात मादी अंडी पुरून निघून जाते, परत येत नाही. पिल्लू अंड्यातून निघतं ते पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः. म्हणून रुपया-दोन रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं पिल्लू एकटं दिसलं तर त्याची आई शोधू नका आणि त्याला वाढवायलाही घेऊ नका. अंगणात असेल तर कावळ्यांपासून आडोसा मिळेल अशा, जवळच्या पाण्याकाठच्या गवतात ठेवा.

शेतात करून ठेवण्यासारखं

पावसाळ्याआधी दोन-तीन कामं केली तर पुढचे फोन कमी होतात.

कागदाच्या शेततळ्यात कोपऱ्याकोपऱ्यानं उतार करा. रोवणीनंतर पडून असलेले जुने बारदाने एकमेकांना शिवून हातभर रुंद पट्टी करा, वरचं टोक काठावरच्या खुंट्यांना बांधा, खालचं टोक दगड बांधून पाण्यात सोडा. पाणी उतरत जातं, म्हणून पट्टी तळापर्यंत पोचायला हवी. एका तळ्याला निदान दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. कासवाची नखं गोणपाटात छान रुततात. आमच्या तळ्यात पट्ट्या लावल्यावर पहिल्या आठवड्यात एक बेडूक आणि एक धामण त्यांवरून वर आलेली मी पाहिली.

कठडा नसलेल्या विहिरीला निदान दोन फुटांचा दगडी कठडा करा. धुऱ्यावरचं गवत पेटवण्याआधी काठीनं खालची माती चाळवून पाहा, उन्हाळ्यात तिथंच कासव गाडून बसलेलं असतं. चिखलणीआधी बांधीभोवती एक चक्कर मारा. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवा की दिसलं तर थांब, बाजूच्या बांधीत ठेव, घरी आणू नको. तलावात जाळं टाकणाऱ्या ढीवर दादांशीही बोलून ठेवा. कासवं कुठं शेकतात, कुठं वर येतात हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि जाळ्यात कासव आलं तर ते लवकर मोकळं करणं त्यांच्याच हातात असतं. पाण्याखाली अडकलेलं कासव श्वासावाचून मरतं, म्हणून कासवं असलेल्या पाण्यात रात्रभर जाळं टाकून ठेवू नये.

वहिनींच्या मोरीपाशी आता कुंपणाखाली दोन वीत उंचीची फट कायमची ठेवली आहे. कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून रात्री तिला फळी लावतात, आणि मृग लागला की पहाटे सगळ्यात आधी ती फळी काढतात.